खाडा कोण धरणार?

इंदापूरजवळ निमगाव केतकीला ताईकडे गेलो की माझी नजर आधी तिच्या स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरकडे जाते. तिच्या दोन गाई आणि एक म्हैस. गाईचं दूध डेअरीला जातं, म्हशीचं चार घरी रतीबाला. कॅलेंडरवर प्रत्येक तारखेच्या चौकोनात पेनाच्या बारीक खुणा असतात आणि मधूनच एखादी फुली. म्हैस आटली, गिऱ्हाईक गावाला गेलं, घरी पाहुणे आले, कारण काही असो, दूध गेलं नाही की फुली पडते. महिनाअखेरीला फुल्या मोजायच्या, तेवढं दूध वजा करायचं आणि उरलेल्याचे पैसे घ्यायचे. याला खाडा धरणं म्हणतात. त्यासाठी करार नाही, सही नाही. बारामतीच्या एमआयडीसीतल्या पोरांना डबा देणाऱ्या मावशीही खाडा धरतात आणि कॉलेजजवळचा मेसवालाही कुरकुरत का होईना, धरतो.

गेल्या पावसाळ्यात याच स्वयंपाकघरात ताईनं एक प्रश्न विचारला. भाचा बारामतीला इंजिनिअरिंगला आहे. एका ऑनलाइन गेमची तो वर्षभर वाट पाहत होता. हा गेम आधी विकत घ्यायचा आणि वर दरमहा वर्गणी भरायची. पैसे दाजींच्या खात्यातून आपोआप कापले जाणार. गेम आला त्या आठवड्यात सर्व्हर भरलेला, म्हणून रांग. रांगेतून आत गेलं की मधेच बाहेर. मग दुरुस्तीसाठी बंद. मग भलामोठा पॅच, जो निमगावच्या नेटवर उतरायला दोन रात्री लागल्या. नकाशाचा बराच भाग राखाडी आणि त्यावर ‘लवकरच’ अशी पाटी. महिना संपत आला तसा दाजींच्या मोबाइलवर मेसेज आला, की पुढच्या महिन्याची रक्कम कापली जाणार आहे. ताई भाकरी थापता थापता म्हणाली, “अकरा दिवस बंद व्हता म्हणतोस ना? मग खाडा धरत न्हाईत का ते?”

भाचा हसला. मीही हसलो. परतीच्या एसटीत बसल्यावर मात्र वाटलं, की यात हसण्यासारखं काही नव्हतं. अर्धवट गेमच्या वर्गणीबद्दल यापेक्षा नेमका प्रश्न मी अजून ऐकलेला नाही.

दरमहा पैसे घेण्याची ही पद्धत गेमच्या धंद्यात जुनी आहे. १९९७ मध्ये ‘अल्टिमा ऑनलाइन’ आला आणि १९९९ मध्ये ‘एव्हरक्वेस्ट’. दोन्हींची वर्गणी महिन्याला दहा डॉलरच्या आतबाहेर होती. एकदा पैसे भरून डबा घरी नेला की संपलं, असं या गेमचं नव्हतं. हजारो माणसं एकाच वेळी ज्या जगात वावरतात ते जग कंपनीच्या सर्व्हरवर रात्रंदिवस चालू ठेवावं लागतं, त्यासाठी माणसं लागतात, वीज लागते. म्हणून वर्गणी. हे कारण मला पूर्ण पटतं. पण मग याच कारणानं वर्गणी म्हणजे चालू असण्याची किंमत ठरते. जे चालू नव्हतं त्याची किंमत कशी घेता, हा प्रश्न त्या कारणाच्या पोटातच बसलेला आहे. ‘अल्टिमा’च्या काही खेळाडूंनी हा प्रश्न तेव्हाच कोर्टात नेला होता. म्हणजे ताईच्या आधी पंचवीसेक वर्षं.

अर्धवट माल बाजारात येतो याचं कारण कारागिरांचा आळस हे नाही. गेम बनवणारी पोरं महिनोन्‌महिने रात्री जागतात हे या धंद्यातलं उघड गुपित आहे. कारण हिशेबाच्या वहीत आहे. तारीख वर्ष-वर्ष आधी जाहीर झालेली असते, जाहिराती लागलेल्या असतात, आर्थिक वर्ष संपायच्या आत विक्री दाखवायची असते. पूर्वी गेम कॅसेटवर किंवा सीडीवर छापला जायचा, चूक राहिली तर ती कायमची राहायची, म्हणून बाहेर सोडायच्या आधी धास्ती होती. इंटरनेटनं ती धास्ती काढून घेतली. नंतर पॅच देता येतो म्हटल्यावर ‘नंतर’ हाच कामाचा एक टप्पा झाला. आपल्याकडे फाटलेल्या धोतराला ठिगळ लावतात. इथे ठिगळाच्या भरवशावर फाटकं धोतर नवं म्हणून विकतात. आणि वर्गणीच्या गेममध्ये याला आणखी एक गोडी आहे. गेम सुटला त्या दिवसापासून महिन्याचं मीटर चालू होतं. तयार होण्याची वाट पाहणं म्हणजे कंपनीच्या दृष्टीनं दर महिन्याला बुडालेला रतीब.

यात दोष भारतीय किंवा परदेशी असा नाही. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली आणि दोनच दिवसांत अक्षय कुमारनं ‘फौजी’ नावाच्या देशी गेमची घोषणा केली. २६ जानेवारी २०२१ ला तो आला. बारामतीच्या कट्ट्यावरच्या पोरांना हवी होती मित्रांबरोबरची लढाई; हातात आली एकट्यानं खेळायची गलवानची मोहीम. दोन गट एकमेकांशी लढतील असा भाग चाचणीपुरता यायला जून उजाडला. डाउनलोड फुकट होतं, त्यामुळे कुणाचं फार काही गेलं नाही, आणि लहान कंपनीनं बंदीच्या वाऱ्यावर स्वार होण्याची घाई केली हेही समजून घेता येतं. पण झेंडावंदनाची तारीख आधी आणि खेळ नंतर, हा क्रम त्या गेमनं लपवलासुद्धा नाही.

एक उदाहरण मात्र उलट्या बाजूचं आहे, आणि ते तपशिलात सांगायला हवं, कारण ‘असं करणं कुणालाच शक्य नसतं’ या वाक्याचं ते उत्तर आहे. जपानच्या स्क्वेअर एनिक्स कंपनीनं ३० सप्टेंबर २०१० रोजी ‘फायनल फँटसी १४’ हा वर्गणीचा गेम आणला. तो इतका कच्चा होता की कंपनीच्या अध्यक्षांनी त्याच डिसेंबरात माफी मागितली, प्रमुख बदलला आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे वर्गणी घेणं लांबणीवर टाकलं. गेम दुरुस्त होईपर्यंत फुकट खेळा म्हणाले. एक-दोन आठवडे नव्हे, वर्षाहून अधिक. वर्गणी सुरू झाली ती जानेवारी २०१२ मध्ये. नवे प्रमुख नाओकी योशिदा यांनी ठरवलं की या भिंतींवर गिलावा करून उपयोग नाही, पाया उकरला पाहिजे. नोव्हेंबर २०१२ मध्ये जुना गेम बंद केला, कथेतच त्या जगाचा प्रलय दाखवून. ऑगस्ट २०१३ मध्ये तो नव्यानं उभा राहिला, तेव्हा गर्दी इतकी झाली की कंपनीला काही दिवस नवी डिजिटल विक्री थांबवावी लागली. आणि पडत्या काळात ज्यांनी ठरावीक महिने वर्गणी भरली होती, त्यांना पुढे कायमची कमी दरानं वर्गणी ठेवली.

ताईला हे मी नंतर सांगितलं. ती म्हणाली, “म्हंजे जुनं सभासद.”

हा शब्द तिच्या तोंडून सहज आला आणि मला माझा मुद्दा सापडला. कारण तोवर मी स्वतःशी एवढंच म्हणत होतो, की तयार नसलेल्या वस्तूला आधी पैसे देऊ नयेत. असं म्हणणारा माणूस बारामती-इंदापूरचा असूच शकत नाही. हा सगळा मुलूख तयार नसलेल्या वस्तूला आधी पैसे देऊन उभा राहिलेला आहे. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी सहकारी साखर कारखाना काढला, त्याचा पहिला हंगाम १९५०-५१ चा. त्याच्या आधी गावोगाव हिंडून भाग विकले गेले. समोर चिमणी नव्हती, गव्हाण नव्हती, फक्त शब्द होता. नंतर आमच्याकडे माळेगाव, भवानीनगर, सोमेश्वरनगरला कारखाने निघाले तेही शेतकऱ्यांच्या भागभांडवलावरच. त्याच्या कितीतरी आधी श्रीधर व्यंकटेश केतकरांनी १९१६ मध्ये ज्ञानकोश मंडळ नावाची कंपनी काढली, भाग विकले, आगाऊ वर्गणीदार मिळवले. एकही खंड छापलेला नसताना. १९२० च्या दशकात महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड लोकांच्या हातात पडत गेले. गणपतीची वर्गणीही मांडवाचा पहिला बांबू रोवायच्या आधीच गोळा होते.

तेव्हा आगाऊ पैसे हे पाप नव्हे. प्रश्न असा, की आगाऊ पैसे देणारा त्या पैशामुळे कोण होतो? कारखान्याला भाग देणारा सभासद झाला. त्याला मत मिळालं, उसाची नोंद मिळाली, दिवाळीची साखर मिळाली, आणि वर्षातून एकदा मांडवात उभं राहून चेअरमनला चार गोष्टी सुनावायचा हक्क मिळाला. मी सहकाराची आरती ओवाळत नाही. ‘मंजूर, मंजूर’च्या गजरात अहवालाची पानं कशी उलटतात हे मी पाहिलंय, आणि ज्या सभासदांचा कारखाना कर्जात बुडाला त्यांना हा हक्क किती पुरला हेही ठाऊक आहे. पण हक्क कागदावर होता, म्हणून भांडायला जागा होती. गणपती मंडळसुद्धा नंतर जमाखर्चाचा कागद फळ्यावर लावतं, निदान लावायला हवा असं गाव धरून चालतं. भाच्याचं नातं यातल्या कशात बसतं? धोका तो सभासदाचा उचलतो आणि हक्क त्याला वाटसरूचाही नाही. वर पहिले काही महिने चुका शोधून कळवण्याचं काम तोच फुकट करतो. ज्या कामाला कंपनी एरवी पगारी माणसं ठेवते, त्यासाठी तो पैसे भरतो. मराठीत वर्गणी या शब्दाला वर्गाची, वाट्याची आठवण चिकटलेली आहे. सबस्क्रिप्शनमध्ये तो वाटा गळून पडला आणि उरलं ते नुसतं कापलं जाणं.

आता समोरची बाजू. भाचा मला म्हणाला, “मामा, ऑनलाइन गेम कधी पूर्ण होतच नसतो.” खरं आहे. पण चालू असणं आणि अपुरं असणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मासिकाची वर्षाची वर्गणी भरताना पुढचे अकरा अंक लिहिलेलेही नसतात, त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. हातात आलेल्या अंकाची निम्मी पानं कोरी असतील तर करतो. घर वाढवत नेणं वेगळं आणि छप्पर नसलेल्या घराचं भाडं घेणं वेगळं.

दुसरं म्हणणं असं, की लहान कंपनीला आधी पैसे मिळाले नाहीत तर गेम बनणारच नाही. हेही खरं, आणि त्यावर प्रामाणिक वाट आहे. बेल्जियमच्या लॅरियन कंपनीनं ‘बाल्डर्स गेट ३’ ऑक्टोबर २०२० मध्ये अर्धवट म्हणूनच विकायला काढला. अर्ली अ‍ॅक्सेस अशी पाटी लावून, पहिलाच भाग आहे असं सांगून, दरमहा काही न घेता. ऑगस्ट २०२३ मध्ये पूर्ण गेम आला आणि आधी पैसे दिलेल्यांना तो त्याच पैशात मिळाला. कच्चा आंबा कच्चा म्हणून विकला तर लोणच्यासाठी लोक घेतातच. लबाडी आहे ती कच्च्या आंब्याला पिवळा रंग लावण्यात.

तिसरं म्हणणं सगळ्यात सोपं: नाही पटत तर घेऊ नका. हे बोलणाऱ्यानं कधी जत्रा पाहिलेली नसावी. जत्रेला जत्रेच्याच दिवशी जायचं असतं. सहा महिन्यांनी, सगळं ठीकठाक झाल्यावर गेलं तर मैदान मोकळं असतं आणि मित्र दुसऱ्या गावच्या जत्रेला गेलेले असतात. पहिल्या दिवसाची ही ओढ कंपनीला पुरती माहीत असते, किंमत तिचीच लावलेली असते.

याच ताईच्या घरी माल कसा मोजला जातो ते पाहण्यासारखं आहे. डेअरीत गाईच्या दुधाला ३.५ फॅट आणि ८.५ एसएनएफ ही मोजपट्टी. पॉइंट खाली आला की दर खाली येतो. यंत्रावर आकडा उमटतो, पावती निघते, बोलायची सोय नसते. ‘थोडं पातळ आहे, पुढच्या महिन्यात घट्ट होईल’ असं ताई डेअरीच्या काउंटरवर म्हणाली तर लोक तिच्याकडे पाहत राहतील. त्या दुधाच्या पगारातून दाजींच्या खात्यात पैसे येतात आणि त्या खात्यातून पूर्ण दरानं, पॉइंट न तपासता, अकरा दिवस बंद असलेल्या गेमची वर्गणी जाते.

खाडा नसलेली वर्गणी आमच्याकडे अगदीच अनोळखी आहे असंही नाही. नीरा डाव्या कालव्याच्या शेवटाला असलेल्या इंदापूरच्या गावांना विचारा. पाणी मागणीचा अर्ज भरायचा, पाणीपट्टीची थकबाकी ठेवायची नाही, आणि आवर्तन टेलपर्यंत पोचतं का ते पाहत बसायचं. वरच्यांची पिकं भिजतात, टेलला ओल येते. भाच्याचा गेमही त्याला टेललाच ठेवतो. त्याच्या गेमचा सर्व्हर भारतात नाही. इथल्या खेळाडूनं बटण दाबलं तर ती खबर समुद्र ओलांडून जाते आणि परत येते, तोवर समोरच्यानं गोळी घातलेली असते. पिंग म्हणतात त्याला. वर्गणी मात्र मुखाशी बसलेल्याची आणि टेलवाल्याची एकच.

कायदा काय म्हणतो? अपुऱ्या वस्तूचे पैसे घेण्याबद्दल आपल्याकडे एक चांगला कायदा आहे, फक्त तो विटांसाठी आहे. पुण्यात बांधकाम चालू असलेला फ्लॅट घेतलेली बारामतीची कितीतरी कुटुंबं महारेरा हा शब्द ओळखतात. मे २०१७ पासून बिल्डरला नोंदणीकृत कराराशिवाय किमतीच्या दहा टक्क्यांहून जास्त रक्कम घेता येत नाही, ग्राहकांच्या पैशातला ७० टक्के भाग त्या प्रकल्पासाठी वेगळ्या खात्यात ठेवावा लागतो, ताबा वेळेत दिला नाही तर पैसे व्याजासह परत मागता येतात, आणि ताब्यानंतर पाच वर्षांत बांधकामात दोष निघाला तर दुरुस्ती बिल्डरच्या गळ्यात. उसाचंही तसंच: ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे नाहीत तर १५ टक्के व्याज, असं १९६६ च्या आदेशात लिहिलेलं आहे. पाळलं जातं की नाही हा आंदोलनाचा विषय, पण लिहिलेलं आहे.

गेमसाठी २०२५ च्या ऑगस्टमध्ये संसदेनं ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. तो पैसे लावून खेळायच्या गेमवर तुटून पडला, आणि तसं व्हायलाच हवं होतं. रमीच्या अ‍ॅपमध्ये घर घालवलेली माणसं आमच्या तालुक्यांतही आहेत. करमणुकीच्या गेमना वर्गणी घ्यायची मोकळीक त्याच कायद्यात आहे. पण वर्गणी घेऊन द्यायचं काय, हा त्याचा विषय नाही. ३० नोव्हेंबर २०२३ च्या केंद्राच्या मार्गदर्शक तत्त्वांत ग्राहकाला फसवणाऱ्या १३ क्लृप्त्या सांगितल्या आहेत, त्यात वर्गणीचा सापळा आहे. म्हणजे आत शिरायला एक बटण आणि बाहेर पडायला भूलभुलैया. बाहेर पडायची वाट त्यानं रुंद होईल. आत असताना काय मिळालं याचा हिशेब त्यात नाही. ग्राहक आयोगात जाता येतं, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फीसुद्धा नाही, तक्रार ऑनलाइन करता येते. पण महिन्याच्या काही शे रुपयांसाठी कोण लढतो? लाखो जणांचे थोडे थोडे पैसे हा त्या धंद्याचा सगळ्यात भक्कम तट आहे.

तो तट पडतो तेव्हा एकट्यानं पडत नाही. युबिसॉफ्टनं २०१४ मधला ‘द क्रू’ हा गेम ३१ मार्च २०२४ ला बंद केला, तेव्हा पैसे देऊन तो घेतलेल्यांच्या हातात काहीच उरलं नाही. विकलेला गेम असा हिरावून घेऊ नका, या त्यातून युरोपात उठलेल्या मागणीवर पुढच्या वर्षी दहा लाखांहून जास्त सह्या जमल्या. कॅलिफोर्नियानं कायदा करून दुकानांना सांगितलं, की विकत नसाल, फक्त वापरायला देत असाल, तर तसं स्पष्ट लिहा. आपल्याकडे केरळात, पालियेक्कराच्या टोलवर, ऑगस्ट २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं रस्त्याच्या दुर्दशेमुळे वसुली थांबवली आणि सर्वोच्च न्यायालयानं ती स्थगिती कायम ठेवली. सरडेवाडीच्या टोलनाक्यावरून जाणाऱ्या प्रत्येक इंदापूरकरानं ही बातमी मनात घडी करून ठेवली असणार. रस्ता चालत नसेल तर टोल नाही, हे न्यायालयाला पटतं. मग सर्व्हर हा रस्ताच आहे की.

मला महारेरासारखा मोठा डोलारा गेमसाठी नको आहे. त्याच्या भारानं मोठ्या कंपन्या वाकणार नाहीत, पुण्यातल्या दोन खोल्यांत गेम बनवणारी चार पोरं मोडतील. एकच गोष्ट हवी, आणि ती तांत्रिकदृष्ट्या अगदी सोपी आहे. सर्व्हर कधी बंद होता हे कंपनीला सेकंदापर्यंत ठाऊक असतं. ऑटोपेच्या नियमानं पैसे कापायच्या २४ तास आधी ग्राहकाला कळवावं लागतंच. त्याच मेसेजमध्ये आणखी एक ओळ यावी: या महिन्यात सेवा इतके दिवस बंद होती, तेवढे पैसे वजा. अर्धवट गेम आणा, खुशाल आणा. पण ज्या दिवशी दूध आलं नाही त्या दिवशी फुली पडेल हे माहीत असेल, तर गाय व्याल्याशिवाय रतीब कबूल करायची घाई कुणी करणार नाही.

या दिवाळीत ताईकडे गेलो तेव्हा कॅलेंडरवर दोन रंगांच्या फुल्या होत्या. निळ्या ताईच्या, लाल भाच्याच्या. त्यानं महिनाभर गेमच्या बंद दिवसांच्या फुल्या मारल्या होत्या, मोजल्या होत्या, आणि कंपनीला इंग्रजीत रीतसर पत्र लिहिलं होतं: सात दिवसांचा खाडा. उत्तर दोन मिनिटांत आलं, यंत्राचं. गैरसोयीबद्दल दिलगिरी, आणि भरपाई म्हणून गेममधल्या त्याच्या सैनिकाला एक खास भेट.

“काय दिलं मग?” ताईनं विचारलं.

“टोपी,” भाचा म्हणाला.

ताईनं हातातलं लाटणं खाली ठेवलं आणि पदर तोंडाला लावून हसायला लागली. दाजी ओट्यावरनं ओरडून विचारत होते, काय झालं, काय झालं.